कमान, पाटा आणि कोयता : गोदावरीच्या खोऱ्यातील स्प्रिंग-पोलादाचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गाव धातुविद्येच्या इतिहासात कोठे नोंदलेले आढळत नाही. गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील हे गाव शेतीचे व बाजाराचे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच तालुक्यात असल्याने या भागाची ओळख बहुधा संतचरित्राच्या अनुषंगाने करून दिली जाते. तथापि उसाच्या गळीत हंगामात या परिसरात जी अवजारे व वाहने एकत्र येतात, त्यांत एका विशिष्ट प्रकारच्या पोलादाची सगळी रूपे पाहावयास मिळतात. मालमोटारीच्या आसाखाली ते पाट्यांच्या थराच्या रूपाने असते. ट्रॅक्टरच्या मोगड्याच्या फणांमागे वेटोळ्याच्या रूपाने असते. आणि ऊसतोड मजुराच्या हातात ते कोयत्याच्या पात्याच्या रूपाने असते. हे पोलाद म्हणजे मिश्रधातूचे स्प्रिंग-पोलाद होय. त्याचे गुणधर्म कोणते, ते या खोऱ्यात कोणत्या वाटेने आले आणि येथील भाषेने त्याला कसे सामावून घेतले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम संकल्पनेचा विचार करणे युक्त होईल. वाकविले असता वाकावे आणि सोडले असता पूर्वस्थितीवर यावे, या गुणाला मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘स्थितिस्थापकत्व’ म्हणतात. ही संज्ञा विलायती शब्दाचे भाषांतर म्हणून नव्याने घडविलेली नाही. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानलेले आहेत. प्रशस्तपादाने आपल्या भाष्यात स्थितिस्थापकाचे कार्य कोठे दिसते हे सांगताना जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत धनुष्य पहिले आहे. त्यामागोमाग फांदी, शिंग, दात, हाड, सूत, वस्त्र इत्यादी येतात. या यादीत एकही धातू नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या निरीक्षकाला स्थितिस्थापकत्व हा प्रामुख्याने लाकडाचा, शिंगाचा व तंतूचा धर्म वाटत होता. लोखंडाचे वैशिष्ट्य म्हणजे काठिण्य व तीक्ष्णता.

लोखंडाची नावेही हेच सांगतात. रसरत्नसमुच्चयासारख्या रसशास्त्रीय ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन भेद केलेले आहेत. यांतील ‘तीक्ष्ण’ या शब्दापासून मराठीत पोलादवाचक ‘तिखे’ हा शब्द आला आणि मोल्सवर्थच्या कोशाने तो नोंदविला. ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला आणि हळूहळू त्याने ‘तिखे’ मागे टाकले. पोलादाच्या उत्तमपणाला मात्र मराठीने ‘पाणी’ हाच शब्द ठेवला. फारसीतही तरवारीच्या तेजाला व धारेला ‘आब’ म्हणजे पाणीच म्हणतात. पात्याला पाणी देणे, पाणीदार माणूस, एखाद्याचे पाणी जोखणे हे सर्व प्रयोग लोहाराच्या कुंडीतून निघून व्यवहारात पसरलेले आहेत. तिखे, पाणी, धार ही सारी शब्दसंपदा कापण्याच्या क्रियेभोवती गुंफलेली आहे. वाकून परत येण्याच्या क्रियेसाठी जुन्या लोहारी परिभाषेत असा ठळक शब्द दिसत नाही.

हे आश्चर्यकारक वाटण्याचे कारण असे की, ज्या पोलादाने जगात नाव कमावले, ते गोदावरीच्याच खोऱ्यात तयार होत होते. तीर्थपुरीच्या शिवारावरून पुढे गेलेली गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. तेथे नदीच्या उत्तरेस निर्मळ आणि दक्षिणेस निझामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम ही पोलादाची प्रसिद्ध केंद्रे होती. लोखंड व कार्बनयुक्त द्रव्ये मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवावयाची आणि पोलादाचा लहानसा गोळा काढावयाचा, अशी ही पद्धती होती. हेन्री वॉयसी याने कोनसमुद्रम येथील या उद्योगाचे केलेले वर्णन १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इराणी व्यापारी या गावी येऊन माल पारखून घेत असत, असे त्यावरून कळते. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच प्रवाशानेही गोवळकोंड्याच्या प्रदेशातील पोलादाचा उल्लेख केलेला आहे. यालाच युरोपात ‘वूट्झ’ हे नाव पडले. या नावाचा उगम बहुतेक अभ्यासक कन्नडमधील ‘उक्कु’ या पोलादवाचक शब्दात शोधतात.

वूट्झमध्ये कार्बनचे प्रमाण सर्वसाधारणपणे १.२ ते १.८ टक्के असे. एवढ्या कार्बनामुळे पात्यात कठीण कार्बाइडचे सूक्ष्म थर तयार होत व त्यांचीच लहरीदार नक्षी पृष्ठावर उमटे. धार अप्रतिम येई. परंतु स्प्रिंगला लागणारा गुण याच्याहून वेगळा आहे. दख्खनमध्ये सरळ, लांब व लवचिक युरोपीय पात्यांना मागणी होती आणि अशा पात्यांच्या तरवारीस ‘फिरंगी’ हे नाव रूढ झाले, या गोष्टीचा अर्थ या दृष्टीने लावता येतो. घरचे पोलाद जगात वाखाणले जात असतानाही बाहेरचे पाते विकत घेतले जात होते. याचे कारण केवळ नवलाईची हौस नसावे. दोन पात्यांचे धर्म भिन्न होते, आणि शस्त्र वापरणाऱ्यास तो भेद हाताने कळत होता.

पोलादी स्प्रिंगची गरज प्रथम तीव्रतेने भासली ती घड्याळजींना. स्थितिस्थापक पदार्थाचा ताण व त्याचे वाढणे यांतील समप्रमाणाचा नियम रॉबर्ट हुक याने १६७८ साली ग्रंथरूपाने मांडला. घड्याळाच्या स्प्रिंगचा विचारही त्याच्या अभ्यासात होता. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या इंग्रज घड्याळजीने स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद मिळेना म्हणून मुशीत पोलाद वितळविण्याची रीत शेफील्डजवळ सिद्ध केली. १८०४ साली ओबडाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. घड्याळातील गुंडाळी आणि गाडीखालची कमान ही दोन्ही रूपे येथवर निश्चित झाली. पण त्यांतील पोलाद अजून साध्या कार्बनचेच होते.

मिश्रधातूच्या पोलादाकडे नेणारी एक वाट पुन्हा दख्खनकडूनच गेली आहे. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने वूट्झवरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्यापासून या पोलादाच्या रहस्याचा शोध इंग्लंडात चालू होता. १८१९ मध्ये मायकेल फॅरडे याने वूट्झचे विश्लेषण केले आणि त्याच्या गुणांचे श्रेय त्यातील अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या अंशांना दिले. हा निष्कर्ष चुकीचा होता. खरे कारण कार्बन व घडाईची रीत हेच होय. पण त्याच समजुतीतून फॅरडे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्याचे प्रयोग केले आणि १८२० व १८२२ साली ते प्रसिद्ध केले. मिश्रधातूच्या पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ या प्रयोगांत मानला जातो. ज्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ साली मँगॅनीज-पोलाद शोधले व पुढे सिलिकॉन-पोलादाचा विकास केला, त्यानेच १९३१ मध्ये फॅरडेचे जतन केलेले नमुने तपासून त्यांवर ग्रंथ लिहिला. कोनसमुद्रमचा गोळा व आजचा मोटारीचा पाटा यांच्यामध्ये सरळ वंशसंबंध आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. एका चुकलेल्या अनुमानाने नव्या संशोधनास दिशा दिली, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

आता गुणधर्मांचा विचार करू. सर्वसामान्य समज असा असतो की, स्प्रिंगचे पोलाद साध्या लोखंडापेक्षा अधिक ‘लवचिक’ असते. वस्तुतः ताण व विकृती यांचे गुणोत्तर, म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक, सर्व पोलादांत जवळजवळ सारखाच, सुमारे २०० ते २१० गिगापास्कल असतो. समान आकाराच्या दोन पट्ट्या, एक मऊ पोलादाची व दुसरी स्प्रिंग-पोलादाची, सारख्याच भाराखाली सारख्याच वाकतात. फरक पडतो तो मर्यादेत. मऊ पोलाद सुमारे २५० मेगापास्कल ताणानंतर कायमचे वाकते. योग्य उष्णोपचार केलेले स्प्रिंग-पोलाद १२५० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसूनही मूळ स्थितीस येते. एकक आकारमानात साठविता येणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने मर्यादा पाचपट झाली की ऊर्जा पंचवीसपट होते. स्प्रिंग-पोलादाचे सारे औद्योगिक महत्त्व या एका गणितात आहे.

ही मर्यादा वाढविण्याचे काम मिश्रधातू करतात. मोटारीच्या पाट्यांसाठी रूढ असलेल्या सिलिको-मँगॅनीज पोलादात कार्बन ०.५० ते ०.६० टक्के, सिलिकॉन १.५ ते २ टक्के आणि मँगॅनीज एक टक्क्याच्या आत-बाहेर असते. सिलिकॉनमुळे स्थितिस्थापक मर्यादा वर जाते, आणि कडक केलेले पोलाद पुन्हा तापविताना लवकर मऊ पडत नाही. मँगॅनीजमुळे कडकपणा खोलवर पोहोचतो. जाड पाट्यांसाठी क्रोमियम-व्हॅनेडियम पोलाद वापरतात. त्यात क्रोमियम सुमारे एक टक्का व व्हॅनेडियम ०.१५ टक्क्याच्या वर असते. क्रोमियम गाभ्यापर्यंत काठिण्य नेतो आणि व्हॅनेडियम कण बारीक ठेवतो. असे पोलाद साधारण ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवितात व पुढे ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान उतरवून घेतात. तथापि स्प्रिंग बहुधा एका मोठ्या भाराने मोडत नाही; लक्षावधी लहान हेलकाव्यांनी थकून मोडते, आणि ही भेग पृष्ठभागावर सुरू होते. सिलिकॉनयुक्त पोलाद भट्टीत तापताना पृष्ठावरील कार्बन गमावते, हा त्याचा दोष येथे घातक ठरतो. यासाठी पृष्ठावर पोलादी छऱ्यांचा मारा करून तेथे दाबाचा ताण निर्माण करतात, जेणेकरून भेगेस तोंड फुटू नये.

गोदावरीच्या खोऱ्यात हे पोलाद आले ते चाकांवरून. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद अशी पूर्ण झाली आणि जालना तिच्यावरील एक प्रमुख स्थानक बनले. इंजिन व डबे यांच्या आसाखाली पाट्यांच्या कमानी होत्याच. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली आणि कमानीवर झुलणारे वाहन रुळांपासून दूरच्या गावांनाही परिचित होऊ लागले. बैलगाडीला अशी योजना नसे. तिचा धक्का लाकडाने व माणसाच्या अंगाने सोसावयाचा असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. या कालखंडात रस्ते व मालमोटारी वाढल्या, आणि त्यांच्यामागोमाग दुरुस्तीची दुकाने व मोडीचे व्यापारीही आले.

नव्या वस्तूला नाव देताना मराठीने आपल्या साठ्यातून शब्द काढले. धनुष्यवाचक फारसी ‘कमान’ शब्द महिरपीसाठी रूढ होताच. तोच घड्याळाच्या व गाडीच्या स्प्रिंगला लागला. वाक्याची ही अर्थयात्रा पाहिली असता प्रशस्तपादाने दिलेले पहिले उदाहरण धनुष्याचे होते, याचे स्मरण होते. शास्त्रकाराने आणि गाडीवानाने, एकमेकांची वार्ता नसताना, स्थितिस्थापकत्वाची खूण म्हणून एकच वस्तू निवडली. कमानीतील प्रत्येक पट्टीला ‘पाटा’ हे नाव मिळाले. चालक जेव्हा ‘पाटा तुटला’ असे म्हणतो, तेव्हा ज्या थकव्याच्या सिद्धान्तावर अभियंते ग्रंथ लिहितात, त्याचाच एक दाखला तो देत असतो. वेटोळ्याच्या रूपास मात्र ‘स्प्रिंग’ हा इंग्रजी शब्दच बहुधा चिकटून राहिला.

रेल्वेच्या बाबतीत या पोलादाचे आणखी एक रूप नोंदले पाहिजे. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ धरून ठेवणारी जी वळणदार लोखंडी चाप दिसते, ती सिलिको-मँगॅनीज स्प्रिंग-पोलादाची असते. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेजियन अभियंत्याच्या कल्पनेतून १९५० च्या दशकात ही निघाली. एका स्लीपरला चार चापा लागतात. एका किलोमीटरमध्ये १६६० स्लीपर धरले, तर ६६४० चापा होतात. रेल्वेची स्थिरता अशा प्रकारे वाकून परत येऊ पाहणाऱ्या हजारो लहान तुकड्यांच्या ओढीवर उभी आहे.

तीर्थपुरीच्या परिसरात मालमोटारींचा राबता वाढविणारे कारण म्हणजे पाणी. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने गोदावरीच्या उत्तरेकडील पट्ट्यास सिंचन मिळाले व उसाचे क्षेत्र वाढले. पुढे तीर्थपुरी येथे ‘सागर’ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कालांतराने तो अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याचा दुसरा घटक बनला. उसाने खच्चून भरलेली मालमोटार व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतरस्त्यांच्या खाचखळग्यांतून जाऊ लागल्या. जादा भार व खराब रस्ता ही पाट्याच्या थकव्याची दोन प्रमुख कारणे होत. पाटे तुटणे येथे अपवाद राहिले नाही.

तुटलेल्या पाट्याचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याला दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. तेथील कारखाने विजेच्या प्रवर्तन भट्ट्यांत मोड वितळवून तिच्यापासून बांधकामाच्या सळ्या तयार करतात, आणि त्या योगे जालना हे पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. या भट्टीत पाटा इतर सर्व मोडीत विरघळतो. बांधकामाच्या सळईला क्रोमियमची वा व्हॅनेडियमची आवश्यकता नसते. पाट्यातील मौल्यवान मिश्रण तेथे पातळ होऊन नाहीसे झाल्यासारखेच होते.

दुसरा मार्ग लोहाराच्या शेगडीकडे जातो. महाराष्ट्राच्या खेड्यांत स्थायिक लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी हे दोघेही मोटारीचे जुने पाटे मिळवून त्यांचे कोयते, विळे व कुऱ्हाडी घडवितात. येथे पाटा वितळत नाही. तो तापवून चिरला, ठोकला व वळविला जातो, आणि त्यातील प्रत्येक द्रव्य जागच्या जागी राहते. मात्र या पोलादाला जुन्या रीतीने पाणी दिले तर दगा होतो. साध्या कार्बनच्या पोलादाला चालणारी पाण्याची कुंडी सिलिको-मँगॅनीज पोलादाला सोसत नाही. झपाट्याने थंड झाल्याने पात्याला चीर जाते. त्यासाठी तेल वापरावे लागते, किंवा फक्त धारेकडची कड क्षणभर बुडवून उरलेल्या अंगातील उष्णतेने ती पुन्हा उतरू द्यावी लागते. धारेवर चढणाऱ्या गवती पिवळ्या, जांभळ्या व निळ्या रंगांवरून थांबण्याची वेळ ओळखली जाते. स्प्रिंगसाठी हे पोलाद ४०० अंशांच्या पुढे उतरवितात. धारेसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपासच थांबावे लागते. कारखान्याने ज्या पोलादाला वाकून परत यावयास शिकविले, त्यालाच लोहार कापावयास शिकवितो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसताना ठिणगीचे फुटणे, घणाखालचा आवाज व तापलेल्या अंगाचा रंग यांवरून हा निर्णय करणारे ज्ञान हे खरेखुरे धातुज्ञान आहे. त्याची परिभाषा मात्र मौखिक आहे.

या कोयत्याने भाषेतही एक अर्थ कमावला आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे पती-पत्नी मिळून होणारी मजुरांची जोडी. एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमामार्फत मिळणारी उचल कोयत्याच्या हिशेबाने ठरते. साधनाच्या नावाने माणूस मोजण्याची ही रीत लक्षणेचे उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल. पण तिचा सामाजिक अर्थ त्याहून गंभीर आहे. या मोजणीत स्त्रीला स्वतंत्र एककाचे स्थान नाही, ती जोडीचा अर्धा भाग म्हणूनच हिशेबात येते. पाते मात्र दोघांच्याही हातात असते. ते बोथट झाले किंवा त्याला चीर गेली, तर श्रम वाढतो आणि दिवसाची तोड घटते. पाट्याला दिलेला उष्णोपचार बरोबर की चूक, याचा निकाल अखेर या मजुरांच्या मनगटात लागतो.

आज या साखळीचे दुवे सैल होत आहेत. नव्या वाहनांत पुष्कळ पाट्यांच्या जागी एकदोन निमुळते पाटे, तर काही ठिकाणी हवेच्या पिशव्या आल्या आहेत. ऊसतोडणीची यंत्रे शेतात येऊ लागली आहेत आणि यंत्रावर पाडलेली तयार पाती बाजारात मिळतात. घिसाड्यांची पुढील पिढी या कामात राहील, अशी खात्री नाही. कोनसमुद्रमच्या भट्ट्या विझल्या तेव्हा त्यांची रीत काही प्रवाशांच्या वर्णनांतून तेवढी शिल्लक राहिली. कारागिरांनी वापरलेल्या शब्दांपैकी फारच थोडे नोंदले गेले. पुढील शतकाच्या अभ्यासकांना फॅरडेप्रमाणे केवळ वस्तूवरून अनुमाने बांधावी लागली, आणि ती चुकली. शेगडीवर बसलेल्या माणसाला विचारून ज्याचे उत्तर मिळाले असते, ते शोधावयास एक शतकाहून अधिक काळ लागला.

यास्तव मराठवाड्यातील लोहारी परिभाषेचा गावनिहाय संग्रह होणे अगत्याचे आहे. पाण्याच्या किती तऱ्हा मानल्या जातात, रंगांना कोणती नावे आहेत, पाट्यांच्या प्रती कशा ओळखतात, ‘शेवटणे’ व ‘पाजवणे’ या क्रियापदांच्या वापरात गावोगाव कोणता भेद आहे, हे प्रश्न भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावयास हवेत. शब्दांबरोबर त्या त्या पात्याचे रासायनिक पृथक्करण व काठिण्याचे मापनही झाले, तर मौखिक ज्ञान आणि धातुशास्त्र यांची प्रत्यक्ष तुलना करता येईल. तीर्थपुरीसारख्या बाजारगावाच्या पंचक्रोशीत हे काम एका गळीत हंगामात पार पडण्याजोगे आहे.